फोटोतील नॉइज आणि पट्टे : आधी निदान, मग उपाय

मोबाइल सोडून डिजिटल कॅमेऱ्याकडे वळलेल्या बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते. एवढे पैसे खर्चून कॅमेरा घेतला, तरी रात्रीच्या फोटोंत दाणे, म्हणजेच नॉइज, का येतो आणि काही फोटोंवर आडवे पट्टे कुठून उमटतात? या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात आणि त्यावर ‘आयएसओ (टिपलेला संकेत किती मोठा करायचा, ते ठरवणारा आकडा) कमी ठेवा’ एवढा एकच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे आणि अनेकदा चुकीचाही ठरतो. दाणे आणि पट्टे या नावांखाली किमान पाच वेगवेगळे दोष येतात, प्रत्येकाचे कारण निराळे असते आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवू शकतो. म्हणून आपल्या फोटोत नेमका कोणता दोष आहे, हे ओळखण्यापासून सुरुवात करावी.

पहिली पायरी : मूळ फाइल पूर्ण आकारात पाहणे

निदानासाठी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, लागते. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘रॉ + जेपीईजी’ हा पर्याय निवडला, की प्रत्येक फोटोच्या दोन फाइली साठवल्या जातात. जेपीईजी फाइलवर कॅमेऱ्याने स्वतःच नॉइज पुसण्याचे, कडा धारदार करण्याचे आणि सावल्या उजळवण्याचे काम केलेले असते, त्यामुळे मूळ दोष कोणता आणि कॅमेऱ्याच्या प्रक्रियेतून आलेला कोणता, हे तिच्यावरून सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो तर निदानाला अजिबात घेऊ नये. रॉ फाइल संगणकावर उघडण्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांसारखी मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. फोटो १०० टक्के मोठा करावा, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल, आणि मग उजळ भाग, सावलीचा भाग आणि आकाशासारखा सपाट भाग असे तीन ठिकाणी निरखून पाहावे.

सगळीकडे, विशेषतः सावलीत, बारीक दाणे विखुरलेले दिसत असतील आणि लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत त्यांची जागा बदलत असेल, तर तो नेहमीचा नॉइज होय. लाल, निळा किंवा पांढरा एखादाच ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी चमकत असेल, तर तो हॉट पिक्सेल. रुंद, मऊ कडांचे, गडद किंवा तपकिरी-पिवळसर पट्टे उजळ भागावरही पसरलेले असतील आणि फोटो दिव्यांच्या उजेडात काढलेला असेल, तर दोष दिव्यांच्या लुकलुकण्याचा आहे. एकदोन पिक्सेल जाडीच्या सरळ रेषा फक्त अंधाऱ्या भागात आणि तोही उजळवल्यावरच दिसत असतील, तर त्या सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) वाचनातून आलेल्या असतात. आणि संध्याकाळच्या आकाशात रंग सलग उतरण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असेल, तर कॅमेरा बहुधा निर्दोष आहे. तिथे फाइलमधल्या छटांची संख्या कमी पडलेली असते.

दुसरी पायरी : दाण्यांचे मूळ उजेडात शोधणे

प्रकाश सेन्सरवर सलग प्रवाहाने येत नाही, फोटॉन नावाच्या सुट्ट्या कणांनी येतो आणि हे कण अनियमितपणे पडतात. अंगणात एकाच मापाची शंभर भांडी मांडली आणि पावसाची हलकी सर येऊन गेली, तर सगळ्या भांड्यांत सारखे थेंब पडलेले नसतात. दिवसभर पाऊस कोसळला, तर मात्र भांड्याभांड्यांतला फरक नजरेत भरत नाही. पिक्सेलचेही तसेच होते. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर शेजारच्या पिक्सेलांत साधारण १० फोटॉनचा, म्हणजे १० टक्क्यांचा फरक पडतो. १०,००० फोटॉन पडत असतील, तर फरक साधारण १०० चा, म्हणजे केवळ १ टक्क्याचा असतो. डोळ्यांना दिसणारे दाणे म्हणजे मुख्यतः हा फरक. तो कॅमेऱ्याने निर्माण केलेला नसून प्रकाशातच असतो, आणि म्हणूनच जगातला सर्वांत महाग कॅमेराही अंधारात दाणे टाळू शकत नाही.

सेन्सरवर जमा झालेला संकेत वाचताना इलेक्ट्रॉनिक्सची थोडी भर त्यात पडते, पण आजच्या सेन्सरमध्ये ती फक्त गडद सावल्यांत जाणवते. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. जमा झालेला कमी संकेत मोठा करून दाखवला जातो आणि त्याबरोबर त्यातले चढउतारही मोठे होतात. म्हणजे जास्त आयएसओ हे कमी उजेडाचे लक्षण आहे आणि रोग वेगळाच आहे. नवोदितांनी हा मुद्दा स्वतः पडताळून पाहावा, कारण एकदा तो डोळ्यांनी पाहिला की पुढचे बरेच निर्णय आपोआप बरोबर होतात.

त्यासाठी घरातल्या खोलीत तिपाईवर कॅमेरा लावावा, समोर पुस्तकांचे कपाट किंवा कापडाची घडी असे काही बारकावे असलेले ठेवावे आणि तीन फोटो काढावेत. पहिला फोटो आयएसओ ३२०० वर योग्य एक्स्पोजरने, म्हणजे फार गडद किंवा फार उजळ न होईल असा, काढावा. दुसऱ्यात अॅपर्चर (लेन्सचे भोक किती उघडे, ते) आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे, ते) तेच ठेवून आयएसओ फक्त ४०० करावा. हा फोटो काळवंडलेला येईल, तो संगणकावर ३ स्टॉपने, म्हणजे आठपट, उजळवावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). तिसऱ्यात आयएसओ ४०० ठेवून शटर आठपट जास्त वेळ उघडे ठेवावे. आता तिन्ही फोटो शेजारी ठेवून सावलीचा भाग पाहावा. दुसरा फोटो आयएसओ ४०० चा असूनही पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही. नव्या कॅमेऱ्यांत दोन्ही जवळजवळ सारखे दिसतील आणि अनेक जुन्या कॅमेऱ्यांत दुसराच अधिक खराब असेल. तिसरा मात्र स्पष्टपणे स्वच्छ दिसेल, कारण त्यालाच आठपट प्रकाश मिळालेला आहे. आयएसओ कमी ठेवण्याच्या हट्टापायी अंधारलेले फोटो काढून ते नंतर उजळवणे ही नवोदितांत सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि या एका प्रयोगाने ती कायमची सुटते.

तिसरी पायरी : सेन्सरपर्यंत जास्त प्रकाश पोहोचवणे

सगळ्यांत मोठा फायदा लेन्सच्या अॅपर्चरमधून मिळतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सचे अॅपर्चर झूम पूर्ण केल्यावर बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके अॅपर्चर मोठे). समजा, मंगल कार्यालयात त्या लेन्सने १/१०० सेकंदाला आयएसओ ६४०० लागतो आहे. एफ/२.८ ची लेन्स लावली, तर त्याच उजेडात तोच फोटो आयएसओ १६०० वर निघेल आणि एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स लावली तर साधारण ६४० वर. नॉइजला कंटाळून नवा कॅमेरा घेण्याचा विचार करणाऱ्याने आधी ही लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर लहान एपीएस-सी सेन्सरवरून मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवर गेल्याने क्षेत्रफळ साधारण सव्वादोन पट होते, म्हणजे फायदा सव्वा स्टॉपच्या आसपास, तर एफ/५.६ वरून एफ/१.८ वर गेल्याने तीन स्टॉपहून जास्त मिळतात आणि तेही खूप कमी खर्चात. अर्थात मोठ्या अॅपर्चरला फोकसची खोली कमी होते, त्यामुळे पंधरा माणसांच्या समूहफोटोला हा उपाय लागू पडत नाही.

त्यानंतर शटर स्पीडचा विचार करावा. होमासमोर शांत बसलेल्या वधूवरांसाठी १/५०० सेकंदाची गरज नसते, १/१०० पुरतो. नाचणाऱ्या लेझीम पथकाला मात्र वेग लागतोच, आणि तिथे आयएसओ वाढवायला कचरू नये, कारण दाणे असलेला स्पष्ट फोटो वापरता येतो, हललेला फोटो वापरता येत नाही. फ्लॅश असेल, तर तो पांढऱ्या छताकडे किंवा भिंतीकडे वळवून परावर्तित उजेड घ्यावा. एवढे करून उरलेली तूट आयएसओने भरून काढावी.

एक्स्पोजर तपासण्यासाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये, कारण अंधाऱ्या सभागृहात तो पडदा वास्तवापेक्षा उजळ भासतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ पिक्सेल किती ते दाखवणारा आलेख, पाहावा. आलेख डाव्या कडेला चिकटून बसलेला असेल, तर सावल्यांत प्रकाशच पोहोचलेला नाही, हे नक्की. महत्त्वाचे उजळ भाग जळणार नाहीत इथपर्यंत आलेख उजवीकडे न्यावा आणि फोटो उजळ वाटला, तर नंतर संगणकावर गडद करावा. गडद करताना नॉइज दबतो, उजळवताना तो उघडा पडतो.

दिव्याचा रंगही नॉइज ठरवतो. पिवळ्या दिव्यांत निळा प्रकाश फार कमी असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स दुरुस्त करताना, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून, सॉफ्टवेअरला निळा चॅनल बराच ताणावा लागतो आणि सावल्यांत निळे-जांभळे डाग उमटतात. समई आणि पिवळ्या माळांच्या उजेडात काढलेला फोटो पूर्ण पांढरा करण्याचा अट्टाहास सोडून त्यात थोडी ऊब राहू दिली, तर नॉइजही कमी राहतो आणि प्रसंगही खरा वाटतो. शिवाय सावल्या आपोआप उजळवणाऱ्या सोयी, म्हणजे निकॉनमध्ये ‘अॅक्टिव्ह डी-लायटिंग’, कॅननमध्ये ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’ आणि सोनीमध्ये ‘डीआरओ’, जास्त आयएसओला बंद ठेवाव्यात. जेपीईजीच्या सावल्यांत न मागता आलेला नॉइज पुष्कळदा यांच्यामुळेच असतो.

चौथी पायरी : दिव्यांमुळे पडणारे रुंद पट्टे

भारतातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात वीज दोनदा शिखर गाठते, म्हणून तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त ड्रायव्हर (वीज नियंत्रित करणारे सर्किट) असलेले एलईडी दिवे यांत हा चढउतार मोठा असतो. तारेच्या बल्बमध्ये तार तापलेलीच राहत असल्याने तो कमी जाणवतो आणि चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीत जवळजवळ नसतो. आपल्या डोळ्यांना हे लुकलुकणे दिसत नाही, पण सेन्सर संपूर्ण चित्र एकाच क्षणी वाचत नाही. तो ओळीमागून ओळ वाचत खाली येतो. तेवढ्या वेळात दिवा मंद होऊन पुन्हा उजळला, की त्याचा आलेख फोटोवर पट्ट्यांच्या रूपात उमटतो.

एक उदाहरण बारकाईने पाहू. मंगल कार्यालयात आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला आहे आणि उडणाऱ्या अक्षता गोठवण्यासाठी शटर स्पीड १/५०० आहे. अनेक साध्या सेन्सरना पूर्ण चित्र वाचायला १/३० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. दिव्याचे एक लुकलुकणे १० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे वाचन पूर्ण होईपर्यंत दिवा तीनदा मंदावतो आणि अंतरपाटापासून पाटापर्यंत तीन तपकिरी पट्टे फोटोवर येतात. हेच गणित उलट वापरता येते. आपल्या फोटोतले पट्टे मोजावेत आणि त्या संख्येला १०० ने भागावे, म्हणजे आपला सेन्सर किती वेळात वाचला जातो, याचा अंदाज सेकंदांत मिळतो. आता त्याच जागी मेकॅनिकल शटर वापरले, तर त्याचा पडदा साधारण ४ मिलिसेकंदांत चित्र ओलांडून जातो. तेवढ्यात दिव्याचे अर्धे आवर्तनही पूर्ण होत नाही, म्हणून वेगळे पट्टे पडत नाहीत, मात्र चित्राचा एक भाग उजळ आणि दुसरा मंद राहू शकतो, किंवा लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक पिवळट आणि एक गडद असा खेळ दिसतो.

यावर उपाय क्रमाने करावेत. आधी सायलेंट मोड बंद करून मेकॅनिकल शटर सुरू करावे, तेवढ्यानेच सगळ्यांत ठळक पट्टे जातात. मग शटर स्पीड १/१०० किंवा १/५० वर आणावा. १/१०० सेकंदात प्रत्येक ओळीला दिव्याचे एक पूर्ण आवर्तन आणि १/५० सेकंदात दोन आवर्तने मिळतात, त्यामुळे सर्व ओळींवर सारखाच प्रकाश पडतो आणि सायलेंट मोडमध्येही पट्टे उरत नाहीत. सवयीने लावला जाणारा १/१२५ किंवा १/६० या मोजणीत बसत नाही, त्यामुळे तिथे फिकट पट्टे राहू शकतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने हाच हिशेब १२० चा होतो आणि तिथे १/१२५ किंवा १/६० हे जवळचे योग्य वेग ठरतात. तिकडच्या मराठी मंडळांचे कार्यक्रम टिपणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. जपानमध्ये तर पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ अशी विभागणी आहे.

वेगवान हालचालीसाठी जास्त शटर स्पीड हवाच असेल, तर कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय सुरू करावी. कॅननने २०१४ साली आणलेल्या ईओएस ७डी मार्क टू या कॅमेऱ्यात ती होती आणि आता बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. दिवा शिखरावर असेल त्या क्षणाची वाट पाहून कॅमेरा शटर उघडतो, त्यामुळे सलग फोटो काढण्याचा वेग थोडा मंदावू शकतो. ही सोय १०० किंवा १२० हर्ट्झच्या लुकलुकण्यासाठी असते. रंगमंचावरचे काही एलईडी दिवे आणि एलईडी पडदे सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद होतात, तिथे पट्टे बारीक आणि दाट दिसतात. अशा ठिकाणी मंद शटर स्पीड ठेवावा, म्हणजे एका फोटोत अनेक स्पंदने मिसळून जातात. शटर स्पीड अगदी सूक्ष्म फरकाने बदलण्याची सोय असलेल्या कॅमेऱ्यात पडद्याकडे पाहत पट्टे नाहीसे होईपर्यंत आकडा सरकवता येतो. २०२३ साली जाहीर झालेल्या सोनीच्या अल्फा ९ थ्री सारख्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात सर्व ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात, त्यामुळे चित्रात पट्टे पडत नाहीत, तरी एका फोटोतून दुसऱ्यात उजेड कमीजास्त होऊ शकतो.

मोठ्या कार्यालयांत आणखी एक गुंता असतो. तिथे तीन फेजची वीज असते आणि वेगवेगळ्या फेजवर जोडलेले दिवे वेगवेगळ्या क्षणी शिखर गाठतात, म्हणून डावीकडच्या माणसांचा रंग एक आणि उजवीकडच्यांचा दुसरा दिसू शकतो. यावर १/१०० किंवा १/५० हाच खात्रीचा उपाय आहे. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडून १/१००० सेकंद लावावा आणि तो दिव्यांकडे रोखावा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, की कोणते दिवे लुकलुकतात ते दोन मिनिटांत कळते. ही तपासणी टाळू नये, कारण हे पट्टे नंतर सॉफ्टवेअरने काढणे अतिशय कष्टाचे असते: त्यांत उजेड आणि रंग दोन्ही बदललेले असतात, आणि लग्नातला तो क्षण पुन्हा येत नाही.

पाचवी पायरी : सावलीतल्या बारीक रेषा

सेन्सरच्या प्रत्येक ओळीचा किंवा स्तंभाचा संकेत वाचणारी यंत्रणा तंतोतंत सारखी नसते. त्यातला किंचित फरक सावल्या ३-४ स्टॉपने उजळवल्यावर आडव्या किंवा उभ्या रेषांच्या जाळीसारखा वर येतो. विखुरलेल्या दाण्यांपेक्षा सरळ रेषा डोळ्यांना फार लवकर खुपतात, म्हणून इथे थोडा दोषही मोठा वाटतो.

रेषा स्थिर आहेत की बदलत्या, हे आधी तपासावे. लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओ आणि शटर स्पीडला चारपाच फोटो काढावेत आणि ते खूप उजळवून एकमेकांशी ताडून पाहावेत. रेषा त्याच जागी असतील, तर अशा काळ्या फोटोंची सरासरी मूळ फोटोतून वजा करून त्या बऱ्याच घालवता येतात. जागा बदलत असतील, तर वजाबाकीचा उपयोग नाही. दोन्ही प्रकारांत मूळ उपाय तोच, की फोटो काढतानाच सावलीत पुरेसा प्रकाश घ्यावा, आणि जुना कॅमेरा असेल, तर कमी आयएसओवर काढून नंतर ताणण्याऐवजी कॅमेऱ्यातच आयएसओ वाढवावा. उघड्या खिडकीसमोर माणूस उभा असेल, तर एकाच फोटोतून खिडकीबाहेरचे आकाश आणि माणसाचा चेहरा दोन्ही ओढून काढण्यापेक्षा चेहऱ्यावर थोडा फ्लॅश टाकणे शहाणपणाचे. काही कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटरवर किंवा सर्वांत वेगवान सलग मोडवर १४ बिटऐवजी १२ बिटची रॉ फाइल देतात (बिट जितके कमी, तितक्या छटा कमी), त्यामुळेही खोल सावल्या खराब होतात. म्हणून मेनूतली ही नोंद एकदा पाहून ठेवावी.

सहावी पायरी : आकाशातल्या पायऱ्या

कोकण किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यानंतरच्या निरभ्र आकाशात पायऱ्या का दिसतात, ते आकड्यांतून चटकन कळते. जेपीईजीत प्रत्येक रंगासाठी फक्त २५६ पातळ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. समजा, फोटोत आकाशाची उंची ४,००० पिक्सेल आहे आणि वरपासून खालपर्यंत निळा रंग १५० वरून १९० पर्यंत जातो. म्हणजे ४,००० पिक्सेलांत केवळ ४० पातळ्या, प्रत्येक पट्टा १०० पिक्सेल रुंद. एवढ्याने पायऱ्या क्वचितच दिसतात. पण जेपीईजीवरच कॉन्ट्रास्ट वाढवून तो फरक दुप्पट केला, की दर पायरीला दोन पातळ्यांची उडी होते आणि कडा दिसू लागतात.

म्हणून आकाश असलेले फोटो रॉमध्येच काढावेत, सर्व बदल रॉवर किंवा १६ बिटच्या फाइलवर करावेत आणि जेपीईजी अगदी शेवटी एकदाच, ९० किंवा त्याहून जास्त गुणवत्तेला तयार करावी. गिंपमध्ये २०१८ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून जास्त बिटचे काम करता येते, त्यामुळे यासाठी पैसे खर्च करण्याचीही गरज नाही. वेबसाठी एसआरजीबी हेच कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांची व्याप्ती) ठेवावे. विस्तृत कलर स्पेस ८ बिटमध्ये वापरले, की त्याच २५६ पातळ्या अधिक रंगांवर ताणल्या जातात.

इथेच नॉइज आणि पट्टे यांचा परस्परसंबंध समोर येतो. आकाशातला बारीक नॉइज दोन पातळ्यांची सीमा विस्कटून टाकतो आणि त्यामुळे पायरी नजरेला जाणवत नाही. तो नॉइज पूर्ण पुसला, की पायऱ्या लख्ख दिसू लागतात. आकाश गुळगुळीत करण्याच्या नादात पुष्कळ जण हा दोष स्वतःच ओढवून घेतात. उपायही यातूनच मिळतो. संपादन झाल्यावर आकाशावर अगदी हलका, एकरंगी ग्रेन (दाणे) टाकावा. डार्कटेबलमध्ये याच कामासाठी डिदरिंगचे मॉड्यूल आहे.

फोटो पाठवताना काळजी घेतली नाही, तर वरची मेहनत वाया जाते. व्हॉट्सअॅपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पायऱ्या फक्त आपल्याच पडद्यावर दिसतात का, हेही तपासावे. अनेक स्वस्त लॅपटॉपचे पडदे ६ बिटचे असतात आणि ते निर्दोष फाइलमध्येही पायऱ्या दाखवतात. तोच फोटो दुसऱ्या पडद्यावर पाहिला, की शंका मिटते.

सातवी पायरी : लांब एक्स्पोजर, उष्णता आणि चमकणारे ठिपके

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे टिपायला जाणाऱ्यांना या दोषाची ओळख हमखास होते. सेन्सरमध्ये प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन जमत राहतात. तापमान साधारण ६ ते ८ अंश सेल्सिअसने वाढले, की त्यांचे प्रमाण दुप्पट होते, आणि शटर जितका वेळ उघडे तितके ते साचत जातात. पाऊस सुरू होण्याआधीच्या उकाड्यात २० मिनिटांचे एकच एक्स्पोजर घेतले, तर काजव्यांपेक्षा हॉट पिक्सेलच जास्त मिळतात.

कॅमेऱ्यातली ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेते आणि तो मूळ फोटोतून वजा करते. एखाद्या स्थिर दृश्यासाठी ती उत्तम आहे, पण काजव्यांसाठी नाही, कारण प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून राहतो आणि निम्मी चमक हातची जाते. त्याऐवजी ती सोय बंद करून तिपाईवरून ३० सेकंदांचे अनेक फोटो सलग काढावेत आणि शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओला, त्याच वेळाचे काही काळे फोटो घ्यावेत. कॅमेरा तेव्हा तितकाच तापलेला असल्याने वजाबाकी नीट जुळते.

हे फोटो एकत्र करतानाही विचार करावा लागतो. काजव्यांसाठी ‘लाइटन’ पद्धत लागते, जिच्यात प्रत्येक जागी सर्वांत उजळ पिक्सेल निवडला जातो. पण ही पद्धत प्रत्येक फोटोतला सर्वांत वाईट नॉइजही वेचून आणते. म्हणून जमीन आणि झाडे यांसाठी त्याच फोटोंची सरासरी वेगळी काढावी आणि तिच्यावर काजव्यांचा थर ठेवावा. सरासरीत नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ४ फोटोंत तो निम्मा होतो, १६ फोटोंत चतुर्थांश. फोकस लावण्यासाठी टॉर्चची गरज असेल, तर ते काम उजेड असतानाच उरकून घ्यावे. कृत्रिम प्रकाशाने काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येतो आणि फोटोपेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

साध्या, कमी वेळाच्या फोटोंतही तोच एक ठिपका दिसत असेल, तर मेनूत पिक्सेल मॅपिंगची सोय आहे का, ते पाहावे. ती चालवली, की कॅमेरा बिघडलेले पिक्सेल नोंदवून त्यांच्या जागी शेजारच्या पिक्सेलांवरून रंग भरतो. बहुतेक रॉ सॉफ्टवेअरही हे ठिपके आपोआप झाकतात.

आठवी पायरी : उरलेला नॉइज सॉफ्टवेअरने कमी करणे

नॉइज दोन प्रकारचा असतो. रंगाचा नॉइज म्हणजे लाल-हिरवे-जांभळे डाग, आणि उजेडाचा नॉइज म्हणजे एकरंगी दाणे. रंगाचा नॉइज डोळ्यांना जास्त टोचतो आणि तो काढताना बारकावे फारसे जात नाहीत, म्हणून आधी तो पूर्ण काढावा. एकरंगी दाणे मात्र थोडे राहू द्यावेत. पैठणीची जर, वृद्ध चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, घोंगडीचा पोत हे सगळे त्या दाण्यांच्याच आकाराचे असते, आणि स्लायडर जास्त सरकवला की तेही पुसून चेहरा मेणाचा दिसू लागतो. कडा धारदार करण्याचे काम नॉइज कमी केल्यानंतर आणि मास्क लावून फक्त कडांवरच करावे, नाहीतर सपाट भिंतीवरचे दाणेच धारदार होतात. लेन्सच्या कोपऱ्यांतला काळोख दुरुस्त करताना कोपरे उजळतात आणि तिथला नॉइज वाढतो. रात्रीच्या फोटोत ती दुरुस्ती अर्धीच ठेवावी.

अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आणलेल्या एआय डीनॉइजसारखी साधने रॉ फाइलवर खरोखर चांगले काम करतात आणि पूर्वी टाकून दिलेले फोटो त्यांनी वाचतात. मात्र ती हरवलेला तपशील अंदाजाने भरतात. पापण्या, जरीची वेलबुट्टी आणि मागच्या फलकावरची देवनागरी अक्षरे १०० टक्के मोठी करून तपासावीत, कारण चुकीचा अंदाज तिथे सर्वांत आधी उघडा पडतो.

किती नॉइज चालेल, हे फोटोच्या अंतिम आकारावर ठरवावे. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० × ४००० पिक्सेलांचा फोटो इंचाला ३०० पिक्सेलने छापला, तर २० इंच रुंद होतो. १२ × ८ इंचांच्या अल्बममध्ये तोच फोटो आकसून छापला जातो आणि पडद्यावर खुपणारे बहुतेक दाणे कागदावर दिसतही नाहीत. अंतिम निर्णयाआधी एक छोटी प्रिंट काढून पाहावी.

एवढे सगळे करूनही दोष राहिला, म्हणजे झाकण लावून काढलेल्या, न उजळवलेल्या फोटोतही ठळक रेषा दिसत असतील, दिवसाच्या सूर्यप्रकाशात कमी आयएसओवर पट्टे येत असतील किंवा चित्राचा एखादा भाग कायम वेगळ्या रंगाचा येत असेल, तर बिघाड यंत्रात आहे असे समजावे. त्याआधी लेन्स आणि मेमरी कार्ड बदलून एकदा पाहावे. मग झाकण लावून काढलेला एक फोटो, उन्हात काढलेल्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो आणि दोष स्पष्ट दिसणारा एक फोटो अशा तीन रॉ फाइली, शटर स्पीड, अॅपर्चर आणि आयएसओ यांच्या नोंदीसह, कॅमेऱ्याबरोबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्याव्यात.